बाबांच्या नाकावरचा तीळ

(पत्राचा सारांश. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.)

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून २६ वर्षांच्या मुलीने लिहिलं आहे. घरी सात एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. वडील ६१ वर्षांचे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या नाकाच्या उजव्या पाळीशी, नाक गालाला टेकतं त्या खाचेत, मुगाच्या दाण्याएवढा काळा ठिपका आला. तीळ म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. दोन वर्षांपूर्वी गावातल्या एका माणसाने चामखीळ समजून त्यावर आधी बिब्बा आणि नंतर चुना-सोडा लावला. खपली धरली, पडली, महिना-दीड महिना बरं वाटलं. मग तो पुन्हा उगवला, या वेळी तुरीच्या दाण्याहून मोठा आणि मधे खळगा पडलेला. दाढी करताना, दुपट्ट्याने तोंड पुसताना रक्त येतं. दिवाळीनंतर जिल्ह्याच्या गावी त्वचेच्या डॉक्टरांनी बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला : बेसल सेल कार्सिनोमा. डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करून घ्यायला सांगितलं.

मुलीचं लग्न मे महिन्यात ठरलं आहे. ऑपरेशन लग्नानंतरच करायचं, असं भाऊ आणि काकांनी ठरवलं. कॅन्सर हा शब्द मुलाकडच्यांच्या कानावर जाऊ द्यायचा नाही आणि बाबांच्याही नाही. बाबांना 'जखम चिघळली' एवढंच सांगितलं आहे. काकांचं म्हणणं, "कॅन्सरले चाकू लावला का तो आंगभर पसरते. लगन होऊन जाऊ दे, मंग पाहू." काकूंनी एका वैदूकडून लावायची पूड आणून ठेवली आहे. मुलगी विचारते : "चार-पाच महिने थांबलं तर चालेल का? माझ्या लग्नापायी बाबांचं काही बरंवाईट झालं तर? आणि त्यांना सांगायचं की नाही?"

बेटा,

कॅन्सर हे एका आजाराचं नाव नाही, ते आडनाव आहे. गावात एकाच आडनावाची वीस घरं असतात आणि विसांचे स्वभाव वीस तऱ्हांचे. तुझ्या बाबांच्या वाट्याला आलेला कॅन्सर त्या घराण्यातला फार संथ. कातडीच्या वरच्या थराच्या अगदी तळाशी ज्या पेशी असतात, त्यांच्यातून तो निघतो. रक्तातून किंवा मानेतल्या-काखेतल्या गाठींतून (लसिकाग्रंथींतून) तो दुसऱ्या अवयवात जाणं इतकं दुर्मीळ आहे की शंभरात एकालाही तसं होत नाही. पूर्ण काढला गेला तर बहुतेक माणसं बरी होतात, अगदी पूर्ण बरी. केमोची सलाईन, केस गळणं, शेत विकून वर्षभर दवाखाना, असं जे काही कॅन्सर म्हटल्यावर तुमच्या घरात सगळ्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असेल, त्यातलं या आजारात सहसा काहीच नसतं. हे आधी भावाला आणि काकांना वाचून दाखव. ते वाईट वागत नाहीत, घाबरले आहेत.

आता यावर काका म्हणतील, "मंग थांबलं त काय बिघडते?"

बिघडतं ते असं. हा आजार सहसा जीव घेत नाही, पण कुरतडतो. जुन्या काळी इंग्रज डॉक्टर याला उंदराने कुरतडल्यासारखी जखम अशा अर्थाच्या नावाने ओळखत, 'रोडंट अल्सर'. आणि वर दिसतो तेवढाच तो नसतो. तू शेतकऱ्याची मुलगी आहेस, तुला हराळी माहीत आहे. धुऱ्यावर वीतभर हिरवं दिसतं, खुरपं मारलं की रान साफ. पण खाली काश्या गेलेल्या असतात हातभर, आणि पहिल्या पावसाला ती दुसरीकडूनच डोकं काढते. बिब्बा आणि चुन्याने झालं ते हेच. वरची कातडी भाजली, खपली पडली, वरून रान साफ दिसलं. खाली काश्या तशाच राहिल्या. दोन वर्षं तशीच गेली.

नाकाच्या पाळीशी असलेली ती खाच या आजाराच्या सगळ्यात वाईट जागांपैकी एक आहे. नाक, पापण्या, कान, ओठांच्या कडा, या भागाला डॉक्टर जोखमीचा भाग मानतात. इथे काश्या खोल जातात आणि अपुरं काढलं तर तो परत येण्याची शक्यताही जास्त असते. शिवाय इथे वाया घालवायला कातडी नसते. पाठीवर एक बोट जास्त कापलं तर कुणाला कळतही नाही. नाकावर दोन मिलिमीटरने फरक पडतो : नुसते टाके घालून भागेल, की गालाची कातडी सरकवावी लागेल, की पाळीच नवी करावी लागेल.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर सरळ देते. चार महिन्यांनी तुझ्या बाबांच्या जिवाला धोका होईल असं मला वाटत नाही, आणि तसं सांगून मी तुला घाबरवणार नाही. तरीही मी थांबू नका म्हणते. एक कारण नाकाचं, ते सांगितलं. दुसरं असं की 'लग्नानंतर' ही तारीख नसते. लग्न मे महिन्यात. मग पाहुण्यांची उठबस, मग मृग, पेरणी, डवरणी, फवारणी. मग "आता दिवाळीनंतर". चार वर्षं अशीच गेली ना? वावराच्या कामातून माणूस सुटत नाही आणि दुखत नसलेल्या जखमेसाठी तर नाहीच. हा आजार दुखत नाही, हाच त्याचा सगळ्यात मोठा कावा आहे.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी नव्याने नोकरीला लागले होते, एका प्राथमिक आरोग्य केंद्रात. कापूस वेचायला जाणारी पन्नाशीची एक बाई खालच्या पापणीच्या कडेला बारीकशी जखम घेऊन आली. मी मलम दिलं. तीन आठवड्यांनी ती परत आली, मी मलम बदलून दिलं. त्या जखमेची कड उचललेली होती, परातीच्या काठासारखी, आणि मोत्यासारखी चमकत होती. तिच्यावर केसाएवढ्या बारीक लाल रेघा होत्या. हे सगळं मी पाहिलं होतं. पण हा गोऱ्या लोकांचा आजार, असं मनात पक्कं बसलेलं. वावरात राबणाऱ्या सावळ्या बाईच्या डोळ्याखाली तो असेल, हे सुचलंच नाही. ती यायची थांबली. दीड वर्षाने आली तेव्हा पापणी खाऊन तो डोळ्याच्या खोबणीत उतरला होता. डोळा काढावा लागला. ती पुढे बरीच वर्षं जगली, बाजारात भेटायची, अर्ध्या चेहऱ्यावर पदर ओढून. मला कधी एक शब्द बोलली नाही. ती कड मला अजून दिसते.

गोऱ्या कातडीच्या देशांत हा सर्वांत जास्त होणारा कॅन्सर आहे. आपल्या कातडीतला रंग उन्हापासून राखण करतो म्हणून आपल्याकडे तो कमी. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. आणि होतो तेव्हा आपल्या कातडीत तो पुष्कळदा काळाच असतो, म्हणून तीळ वाटतो, चामखीळ वाटते. तुमच्या घरात कुणी मूर्खपणा केला नाही. ज्याला बघायची सवय नाही त्याला तो ओळखू येत नाही.

बघायचं कसं, तेही सांगते, कारण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरातही असा 'तीळ' असेल. सकाळच्या उजेडात माणसाला दारात बसवा. ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून कातडी हलकेच ताणा. तीळ सगळीकडून सारखा दिसतो आणि तो सहसा तरुणपणापासून असतो. पन्नाशीनंतर नव्याने उगवलेला, कड ओल्यासारखी चकाकणारा, मधे दबलेला, खपली धरून पडून पुन्हा खपली धरणारा, काही न लागता रक्त येणारा ठिपका तीळ म्हणून सोडायचा नाही. महिनाभरात न भरलेली चेहऱ्यावरची कोणतीही जखम त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायची. मेडिकलच्या दुकानातून ट्यूब आणून लावत बसू नका. त्यातल्या बऱ्याच ट्यूबांत स्टेरॉइड असतं. त्याने लाली उतरते, बरं वाटतं आणि महिने निघून जातात.

आता चाकूचं. काका म्हणतात ते विदर्भातच काय, सगळीकडे ऐकलं आहे. ते कुठून आलं असेल? माझ्या मते असं : आपल्याकडे माणूस दवाखान्यात पोचतो तोवर तोंडाचा, स्तनाचा कॅन्सर बराच पुढे गेलेला असतो. ऑपरेशन होतं, सहा महिन्यांनी माणूस जातो. गाव म्हणतं, चाकू लावला म्हणून गेला. पण तो उशिराने गेलेला असतो. बाबांच्या नाकाचा तुकडा काढला त्याने आजार कुठेही पसरलेला नाही. तीन-चार मिलिमीटरचा तुकडा, एखाददुसरा टाका, आणि त्यावरून कळलं की हे नेमकं काय आहे. तो तुकडा काढला नसता तर आजही आपण त्याला चिघळलेली जखमच म्हणत असतो. काकांना एक विचार : बिब्ब्याने भाजलं तेव्हा आपण त्याला हात लावलाच ना? आणि तोही काय आहे ते न बघता.

वैदूची पूड मात्र लावू देऊ नकोस. यात काकूंशी भांडण नको, त्यांनी मायेने आणली आहे. पण कातडी जाळणाऱ्या पुडीने पुन्हा तेच होईल, वर खपली आणि खाली तो. वरून जखम भरल्यासारखी दिसली की सगळ्यांचा धीर वाढेल आणि खाली तो कूर्चेपर्यंत, म्हणजे नाकाच्या मऊ हाडापर्यंत, पोचेल. त्यातून पुढच्या सर्जनला कड शोधणं अवघड होतं.

आता उपचाराकडे वळते. रिपोर्ट पुन्हा उघड आणि बघ, बेसल सेल कार्सिनोमाच्या पुढे काही शब्द आहे का. 'नोड्यूलर' असेल तर तो गाठीसारखा वाढणारा, त्याची कड बऱ्यापैकी ठळक असते. 'इन्फिल्ट्रेटिव्ह' किंवा 'मॉर्फिइक' असेल तर काश्या बारीक आणि लांब, मग जास्त रुंद काढावं लागतं. काही लिहिलं नसेल तर डॉक्टरांना विचार. आणि एक गोष्ट बहुतेकांना कुणी सांगत नाही : ज्या लॅबमध्ये तपासणी झाली तिथून काचेची स्लाइड आणि तो तुकडा ज्यात बसवलेला असतो तो मेणाचा ब्लॉक मागून घे. मोठ्या दवाखान्यात ते स्वतः एकदा बघायला मागतात. नसेल तर पुन्हा तुकडा, पुन्हा आठ-दहा दिवस. ब्लॉक उन्हात तापलेल्या एसटीच्या खिडकीशी ठेवू नकोस, मेण आहे ते.

तुझ्या बाबांचं वय आणि जागा बघता ऑपरेशन हाच मुख्य मार्ग. पाठीवर किंवा दंडावर असा लहान ठिपका असता तर चारही बाजूंनी चार मिलिमीटर चांगली कातडी धरून काढला की बहुतेकदा काम झालं. नाकावर अंदाजाने कापणं परवडत नाही. म्हणून उत्तम पद्धत अशी की एक पातळ थर काढायचा, तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली त्याची प्रत्येक कड बघायची, जिकडे आजार उरला असेल तिकडचाच पुढचा थर काढायचा, कडा साफ होईपर्यंत. फ्रेडरिक मोह्ज या अमेरिकन सर्जनने १९३० च्या दशकात ही पद्धत बसवली, म्हणून तिला मोह्ज सर्जरी म्हणतात. आपल्या देशात ती मोजक्याच ठिकाणी होते. ती मिळाली नाही म्हणून हातपाय गाळू नका. बरेच सर्जन ऑपरेशन चालू असतानाच कडांचे तुकडे गोठवून तपासून घेतात, त्याला फ्रोझन सेक्शन म्हणतात. काही जण आजार काढून जखम ड्रेसिंगखाली ठेवतात, कडांचा रिपोर्ट आला की मगच नाक भरून काढतात. सर्जनला हा एक प्रश्न नक्की विचार : "कडा साफ आहेत हे तुम्ही नाक शिवायच्या आधी बघणार की नंतर?" उत्तर काहीही असो, हा प्रश्न विचारणाऱ्या घराला डॉक्टर नीट वेळ देतात, असा माझा अनुभव आहे.

बहुतेक वेळा हे ऑपरेशन जागा बधिर करूनच होतं, पूर्ण भूल लागेलच असं नाही. भोक लहान असेल तर सरळ टाके, नाहीतर गालाची कातडी सरकवून. चेहऱ्यावरचे टाके साधारण आठवड्याभरात निघतात. पाळीचा मोठा भाग गेला तर कपाळाची कातडी वळवून नाक करतात. तेव्हा मधे तीन आठवडे कपाळापासून नाकापर्यंत कातडीची दांडी लोंबती राहते, नंतर दुसऱ्या छोट्या ऑपरेशनमध्ये ती कापतात. बघायला घाबरवणारं आहे, म्हणून आधी सांगून ठेवते. पण ही कला आपलीच आहे. १७९२ च्या सुमारास म्हैसूरच्या लढाईत इंग्रजांच्या फौजेतला कावसजी नावाचा गाडीवान टिपूच्या माणसांच्या हाती लागला आणि त्याचं नाक कापलं गेलं. पुण्याकडे विटा करणाऱ्या जातीतल्या एका मराठी माणसाने कपाळाची कातडी उतरवून त्याला नवं नाक करून दिलं. १७९४ साली लंडनच्या मासिकात ती हकीकत चित्रासह छापून आली आणि युरोपातल्या सर्जननी ती उचलली. आज बाबांच्या नाकावर सर्जन जे करतील त्याची मुळं इथली आहेत, हे त्यांना सांग. खेड्यातल्या माणसाला अशा गोष्टीने बळ येतं, मी पाहिलं आहे.

रेडिएशनही यावर चालतं. पण त्यासाठी काही आठवडे रोजच्या रोज जावं लागतं. ऑपरेशन झेपणार नाही अशा फार थकलेल्या माणसाला मी ते सुचवेन. ६१ व्या वर्षी, रोज वावरात जाणाऱ्या माणसाला नाही. लावायचं मलम किंवा गोठवून जाळणं हे कातडीच्या वरवर पसरणाऱ्या प्रकाराला, नाक सोडून दुसऱ्या जागी ठीक. बाबांना त्याचा उपयोग नाही. कुणी नेटवर वाचून गोळ्यांचं सांगेल, त्या ऑपरेशन शक्यच नसलेल्यांसाठी आहेत.

एक खास आपल्याकडचं. बाबा खर्रा खात असतील किंवा बिडी ओढत असतील, तर सर्जनला खरं सांगा. तंबाखूने कातडीचा रक्तपुरवठा आकसतो आणि सरकवलेली कातडी काळी पडू शकते. ऑपरेशनच्या आधी काही आठवडे आणि नंतर जखम भरेपर्यंत खर्रा पूर्ण बंद. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर तीही सांगा, मनाने थांबवू नका.

कुठे जायचं? यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आधी दाखवता येईल. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. नागपूरला मेडिकल, म्हणजे तिथलं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय, आणि तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे. कुठेही गेलात तरी चिठ्ठीवर चेहऱ्याच्या ऑपरेशनसाठी प्लॅस्टिक सर्जन किंवा कॅन्सर सर्जन दोघांपैकी एकजण असतील असं बघा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या, आणि भरती व्हायच्या आधी दवाखान्यात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटा. भरती झाल्यावर नाही, आधी. त्यावरून लोकांच्या फार चकरा होतात. कॅन्सरच्या रुग्णाला एसटीत आणि रेल्वेत भाड्याची सवलत असते, त्यासाठी लागणारा दाखला दवाखान्यातून मागून घ्या.

आता तारखा बघ. सध्या तुरीची सोंगणी चालू असेल. ती उरकली की फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात दवाखाना गाठा. समजा दोन टप्प्यांचं ऑपरेशन लागलं, तरी मार्चअखेर सगळं झालेलं असेल. मे महिन्यात तुझ्या मांडवात बाबांच्या नाकाशी गुलाबीसर व्रण असेल, बस. आणि थांबलात तर? लग्नात ती जखम असेलच, रक्त पुसायला खिशात रुमाल असेल, आणि ऑपरेशन जूनच्या पेरणीत किंवा त्याआधी मेच्या ४५ अंशांत, घामात ड्रेसिंग ओलं करत. लग्नासाठी ऑपरेशन पुढे ढकलायचं म्हणतात ना, मला तर उलटं दिसतं. लग्नासाठीच ते आधी उरकायला हवं.

मुलाकडच्यांचं काय? हा आजार कुणाला लागत नाही. एका ताटात जेवून नाही, एका दुपट्ट्याने तोंड पुसून नाही. काही फार दुर्मीळ घराण्यांत तो वारशाने येतो, पण तिथे तो तरुणपणीच आणि एकाच माणसाला अनेक ठिकाणी होतो. पन्नाशी उलटल्यावर उन्हात राबलेल्या माणसाला एकच झाला, तो वारसा नाही. तुला किंवा तुझ्या पुढच्या मुलाबाळांना त्यापासून भीती नाही. म्हणजे तुझ्यात काही खोट नाही आणि तू काही लपवत नाहीस.

तरी सांगायचं का? मला वाटतं, होणाऱ्या नवऱ्याला तू स्वतः सांग. काका नकोत, मध्यस्थ नको. "बाबांच्या नाकावर कातडीचा कॅन्सर निघाला आहे, ऑपरेशनने बरा होतो, फेब्रुवारीत करतोय." एवढं. कुठल्या दवाखान्यात, मी येऊ का, असं त्याने विचारलं तर तुला तुझ्या संसाराची एक गोष्ट लग्नाआधीच कळेल. तो गप्प झाला तरीही कळेल. पण ही बातमी बाबांची आहे. त्यांना न सांगता ती दुसऱ्या घरी गेली, तर त्यांच्या नाकाची गोष्ट त्यांच्याआधी व्याह्यांना कळेल. ते बरोबर होणार नाही. म्हणून आधी बाबा.

आणि खरं सांगू, तुझ्या पत्रात मला सगळ्यात जास्त बोचलं ते हेच. पाच माणसं एका घरात, चौघांना माहीत, आणि ज्याचं नाक त्याला माहीत नाही. तुम्हाला वाटतं, सांगितलं तर ते खचतील. पण चार वर्षं रोज आरशात बघून दाढी करणारा माणूस तो. दवाखान्यातून आल्यावर घरात बोलणं बंद झालं, मोबाइल घेऊन सगळे बाहेर जाऊ लागले, हे त्यांना दिसत नसेल? असे किती म्हातारे मी पाहिले, मुलगा बाहेर गेला की हळूच विचारतात, "बाई, कॅन्सर आहे ना? पोराले सांगू नका, तो घाबरते." दोन्हीकडून लपवाछपवी, आणि दोघंही एकेकटे. शिवाय ऑपरेशनच्या कागदावर सही बाबांची लागेल. चिघळलेल्या जखमेसाठी कपाळाची कातडी का काढतात, हे त्यांना काय सांगणार? आणि पुढे दर सहा महिन्यांनी तपासणीला जायचं, कारण ज्याला एक झाला त्याला दुसऱ्या जागी दुसरा होण्याची शक्यता असते. ते न सांगता होणार नाही.

ऑपरेशननंतर एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. बाबा दुपट्टा बांधत असतील किंवा गांधी टोपी घालत असतील, दोन्हीने डोकं झाकतं, नाक उघडंच राहतं. चारी बाजूंनी रुंद काठाची टोपी आणून दे. आणि ११ ते ४ वावरात राहायचं नाही, हे सांगणं सोपं नाही मला माहीत आहे, निदान उन्हाळवाहीत तरी पाळा.

बाकीच्या वाचकांसाठी दोन गोष्टी, कारण सगळेच कातडीचे कॅन्सर बाबांच्या आजारासारखे संथ नसतात. लहानपणी चुलीवर भाजल्याचा जुना व्रण असेल आणि त्यात वर्षांनंतर न भरणारी जखम झाली, मांस वर आलं, तर लगेच दाखवा. तो बहुधा दुसऱ्या जातीचा असतो आणि गाठींत जातो. तसंच तळपायावर किंवा नखाखाली नवा काळा डाग वाढत असेल तर काटा रुतल्याचा म्हणून बसू नका. या दोन्हीत महिने नाही, आठवडे मोजायचे असतात.

बेटा, बाबांना तूच सांग. भाऊ सांगेल तर काका मधे बोलतील. सकाळी, चहा झाल्यावर, ते वावरात निघायच्या आधी. शब्द चोरू नकोस, कॅन्सर म्हण. पण त्याच श्वासात पुढचंही म्हण. तुमच्या बोलीतच सांग : "बाबा, हा तीळ नाही. कातडीचा कॅन्सर हाय, पण जीव घेनारा नाही. हराळीसारखा हाय, वरतून खुरपून भागत नाही, काश्या खनून काढा लागते. तुरी झाल्या का मी येतो तुमच्यासंगं."

मग गप्प राहा. पुढचं त्यांना बोलू दे.